जुनी मोटार आणि नवे शहर

१९२३ साली पॅरिसमध्ये वास्तुकलेवरील एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील एका ठिकाणी पेस्टम आणि अथेन्स येथील ग्रीक देवळांच्या चित्रांशेजारी दोन मोटारगाड्यांची चित्रे छापलेली आहेत. एक गाडी १९०७ सालची हंबर आणि दुसरी १९२१ सालची, देलाज कंपनीची 'ग्रां स्पोर' नावाची वेगवान गाडी. पेस्टमच्या बोजड खांबांपासून पार्थेनॉनच्या रेखीव खांबांपर्यंत देवळाचा आराखडा जसा हळूहळू निर्दोष होत गेला, तशीच हंबरपासून देलाजपर्यंत मोटारही निर्दोष होत गेली, असे लेखकाला सुचवायचे होते. त्या काळच्या विद्वानांना ही तुलना उद्धटपणाची वाटली असल्यास नवल नाही. लेखकाचे नाव ल कॉर्ब्युझिए. पुढे २८ वर्षांनी, १९५१च्या फेब्रुवारीत, हाच गृहस्थ शिवालिकच्या पायथ्याशी एका विश्रामगृहात कागद पसरून बसला आणि पंजाबच्या नव्या राजधानीचा आराखडा आखू लागला.

या माणसाला मोटारीचे वेडच होते. स्वतः बांधलेल्या घरांची छायाचित्रे घेताना तो आपली व्हॉयझँ गाडी मुद्दाम दारापुढे उभी करी. १९२५ साली त्याने पॅरिसचा मध्यभाग पाडून नव्याने बांधण्याची जी योजना मांडली, तिला नावही याच गाडीच्या कारखानदाराचे दिले. १९३६ साली फ्रान्समधील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने एका स्वस्त गाडीसाठी स्पर्धा ठेवली, तेव्हा ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर झान्नरे या दोघांनी आपले रेखाटन पाठविले. इंजिन मागे आणि पुढच्या आसनावर तिघे शेजारी शेजारी बसतील, अशी ती गाडी होती. ती कारखान्यात कधीच तयार झाली नाही. मात्र याच दोन भावांनी पुढे चंडीगढ उभारले. थोरल्याने आराखडा दिला आणि धाकट्याने १९६५पर्यंत तेथेच राहून तो विटा-सिमेंटमध्ये उतरविला.

चंडीगढची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. अमेरिकन नियोजक आल्बर्ट मेयर आणि पोलिश वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. नोविकी १९५० साली विमान-अपघातात दगावले आणि काम ल कॉर्ब्युझिएकडे आले. त्याने रस्त्यांच्या सात श्रेणी ठरविल्या. गावाबाहेरून येणारा महामार्ग ही पहिली श्रेणी आणि बागेतून जाणारी पायवाट ही सातवी. सायकलींचा आठवा मार्ग नंतर जोडला गेला. वेगवान रस्त्यांच्या चौकटीत ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब अशी घरांची चौकोनी वस्ती म्हणजे सेक्टर. वस्तीतल्या घरांनी मोठ्या रस्त्याकडे पाठ फिरवायची, म्हणजे मोटारीला माणूस आडवा येणार नाही आणि माणसाला मोटार. ज्या देशात त्या वेळी कचेरीला जाणारा कारकून सायकलवरून जात असे, त्या देशात हे मोटारींसाठी आखलेले शहर उभे राहत होते. पुढे मोटारी आल्या, आणि इतक्या आल्या की माणसामागे मोटारींचे प्रमाण पाहता चंडीगढचे नाव आज देशात अगदी वरच्या ओळीत घेतले जाते.

पहिल्या टप्प्यात १ ते ३० या क्रमांकांचे सेक्टर झाले. त्यांत तेरावा नव्हता. दुसऱ्या टप्प्यात दक्षिण मार्गाच्या पलीकडे ३१ ते ४७ झाले. सेक्टर ३४ या दुसऱ्या टप्प्यातला. सेक्टर २१ आणि त्याच्यामध्ये फक्त दक्षिण मार्गाचे अंतर आहे. सतराव्या सेक्टरातील मुख्य बाजारपेठेवरचा भार कमी व्हावा म्हणून येथे उपकेंद्र योजले गेले. त्यामुळे एका बाजूस कचेऱ्या, बँका आणि शिकवण्या, मध्ये प्रदर्शने भरविण्याचे विस्तीर्ण मैदान आणि पलीकडे राहती घरे, असे त्याचे रूप झाले. पहिल्या टप्प्याइतके कौतुक या भागाच्या वाट्याला आले नाही. वास्तुकलेचे विद्यार्थी कॅपिटॉल पाहून परत जातात. तथापि अशाच वस्तीतील घराचे पुढचे अंगण, त्यावर काढलेले छप्पर आणि मागच्या बाजूची खोली एवढ्या भांडवलावर एक विलक्षण उद्योग चालू शकतो. तो म्हणजे निकामी झालेली जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी पुन्हा उभी करणे. मुंबई-पुण्याच्या चाळीत ज्याला हा नाद लागला, त्याला हे अंगण म्हणजे काय सुख आहे, हे निराळे सांगावे लागणार नाही.

स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांची लांबलचक गाडी नव्हे. बसायला दोघांपुरती जागा, बुटकी बांधणी, हलके वजन, बहुधा उघडे टप, आणि चालविणाऱ्यास रस्त्याचा प्रत्येक खडा कळेल असे ताठ स्प्रिंग, अशी तिची लक्षणे सांगता येतील. ज्या १९५१ साली ल कॉर्ब्युझिए चंडीगढला आला, त्याच साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आठ मोटारगाड्या कलाकृती म्हणून मांडल्या. चित्रे आणि पुतळे यांच्या घरात मोटारीला मिळालेला तो मोठाच मान होता. त्या आठांत इंग्लंडची एम. जी. टी. सी. होती आणि इटलीची चिसितालिया २०२ होती. या दोन्ही गाड्यांचा आपल्या देशाशी संबंध आहे. एकीचा उघड आहे, दुसरीचा आडवळणाने.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजात सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने मॉरिसच्या साध्या गाड्यांचे सांगाडे घेऊन त्यांवर देखण्या बॉडी चढविल्या, आणि त्यातून हा कारखाना निघाला. जगभर नावाजलेल्या या गाडीचा उगम अशा रीतीने घरगुती फेरफारातच आहे. टी. सी. ही गाडी १९४५ साली आली आणि १९४९ पर्यंत सुमारे १०,००० गाड्या विकल्या गेल्या. पोलादी सांगाडा, त्यावर ॲश लाकडाची चौकट, चौकटीवर ठोकलेला पत्रा, १९ इंच व्यासाची तारेची चाके आणि १,२५० घनसेंटीमीटरचे इंजिन. ब्रिटिश अधिकारी, मळेवाले, संस्थानिकांची मुले आणि मुंबई-कलकत्त्याचे हौशी व्यापारी यांच्यामुळे अशा गाड्या हिंदुस्थानात आल्या. पुढे जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या ओसाड विमानतळावर शर्यती होऊ लागल्या, तेव्हा या गाड्या तेथे धावल्या.

मग दार बंद झाले. परकीय चलन जपण्यासाठी सरकारने मोटारींची आयात आवळली. येथे कारखाना उभारण्याची तयारी नसलेल्या जोडणीवाल्यांनी आवरते घ्यावे, असे धोरण १९५३च्या सुमारास ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीही गाशा गुंडाळला. राष्ट्राच्या दृष्टीने धोरण समर्थनीय असेल, पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेतला नाही. येथे असलेल्या परदेशी गाड्यांना सुटे भाग मिळेनासे झाले. इंग्लंडात मोडलेला दट्ट्या फेकून नवा घालता येई. येथे तो लेथवर कातून घ्यावा लागे. जो भाग मिळत नाही तो घडविणे हे त्या पिढीच्या मिस्त्र्यांच्या अंगवळणीच पडले. त्यांनी गाड्या चालत्या ठेवल्या, आणि चालत्या ठेवताना त्यांत काय काय बदलले याची नोंद कोणी ठेवली नाही. आज जुन्या गाडीवर काम करणाऱ्याला पहिली झुंज गंजाशी द्यावी लागते आणि दुसरी या अज्ञात मिस्त्र्यांच्या कल्पकतेशी.

परंतु याच बंद दाराआड एक गंमत घडत होती. त्या काळात देशात ज्या तीन गाड्या प्रामुख्याने तयार होत, त्या तिन्ही कोणत्या ना कोणत्या स्पोर्ट्स कारच्या जवळच्या नातलग निघाल्या.

पहिली अँबॅसेडर. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून उत्तरपाडा येथे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली ही गाडी २०१४ पर्यंत निघत राहिली. तिच्यात पुढे बसविलेले १,४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले होते. १९५५ साली आलेल्या एम. जी. ए. या देखण्या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखालीही त्याच मालिकेतले, त्याच मापाचे इंजिन होते. एम. जी.त दोन कार्ब्युरेटर आणि अधिक दाब, तर अँबॅसेडरमध्ये एक कार्ब्युरेटर आणि सौम्य चाल, असा स्वभावाचा भेद. सरकारी साहेबाची पांढरी, पडदे लावलेली गाडी आणि तरुण मुलाची लाल, उघडी गाडी या दोघींचे काळीज एकाच घराण्यातले होते.

दुसरी स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला १९६१ पासून निघू लागलेली ही गाडी मूळ ट्रायम्फ कंपनीची, आणि तिचे रूप इटालियन रेखाटनकार मिकेलोत्ती याचे. तिचे संपूर्ण बॉनेट पुढच्या बाजूस उलटे उघडे आणि ती फार थोड्या जागेत वळे. हेरल्डच्याच सांगाड्याची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. स्पिटफायर आपल्याकडे विरळाच, पण ज्याच्याकडे आहे त्याने हेरल्डचे भंगार पाहून मान वळविता कामा नये.

तिसरी फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी शतक सरेपर्यंत निघत होती आणि १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिच्या १,०८९ घनसेंटीमीटरच्या इंजिनाची वंशावळ १९३७ सालच्या फियाट ११००पर्यंत मागे जाते. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलेल्या त्या चिसितालियातही याच फियाट ११००चे इंजिन होते. दादरच्या नाक्यावर भाड्यासाठी थांबलेली काळी-पिवळी टॅक्सी आणि कलादालनात प्रकाशझोतात ठेवलेली ती गाडी, या दोघींचे हे नाते मुंबईकराला सहसा कोणी सांगितले नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची शेवटची मुदत संपली, तेव्हा लोक हळहळले ते आठवणींसाठी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयास हवे. जुनी गाडी घरी आली की नवख्याला वाटते, आधी रंग लावावा. जाणता मनुष्य आधी चुंबक हाती घेतो. पत्र्यावर चुंबक चिकटला तर पत्रा आहे, घसरला तर तेथे लांबीचा थर आहे आणि त्याच्याखाली गंजाने केलेले भोक. टी. सी.सारख्या गाडीत तर पत्र्याआड लाकूड असते. दार धरून वर उचलून पाहावे. ते लचकले तर चौकटीचा खांब कुजला आहे असे समजावे. ॲशचे लाकूड चिवट, लवचीक आणि वाफेवर वाकविता येणारे, पण ओल त्याला मुळीच सोसत नाही. ते येथे सहज मिळत नाही, म्हणून आपला सुतार सागवानाकडे वळतो. साग कुजत नाही हे खरे, पण त्याच्या अंगात तेल असल्याने सरस नीट धरत नाही, आणि ॲशसारखे लचकणे त्याच्या स्वभावात नाही. अशा वेळी कोणते लाकूड घालावे? मूळ जातीचे, जे पुन्हा कुजेल, की परके, जे टिकेल? या कामात प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न निराळ्या वेषात पुढे येतो.

गाडी सोडविण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे आणि निघालेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी बांधावी. हे सांगायला सोपे, पाळायला अवघड. सहा महिन्यांनी 'हा कुठला?' म्हणून हाती आलेला एक बोल्ट आख्खा रविवार खातो. टी. सी.च्या बोल्टांचा तर स्वतंत्र इतिहास आहे. इंग्रजी गाडी म्हणून मिस्त्री इंग्रजी पाना घेतो आणि तो डोक्याला बरोबर बसतो. मग तो इंग्रजी आट्याचा नवा नट लावू पाहतो आणि तो काही केल्या चढत नाही. याचे कारण असे की, मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच, म्हणजे मीटर मापाची. ती यंत्रे बदलण्याऐवजी आटे फ्रेंच ठेवले आणि इंग्रज कारागिरांचे पाने चालावेत म्हणून बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची केली. जुळत नाही म्हणून जोर लावून आटे खराब केलेली इंजिने आपल्याकडे किती असतील, कोण जाणे.

विजेच्या जोडणीतही असाच एक सापळा आहे. आज बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. या जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक जोडलेले असे. सवयीने उलट जोडले की घात झाला. इंधनाचा प्रश्न अलीकडचा. २००० साली देशातून शिसेयुक्त पेट्रोल गेले, ते सर्वांच्या फुप्फुसांसाठी चांगलेच झाले, पण जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठकींना ते शिसे वंगणासारखे उपयोगी पडत असे. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागले आणि २०२५ साली ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि झिरपू लागतात. म्हणून नळ्या मूळच्या ठेवण्याचा हट्ट कोणी धरू नये. संग्रहालयातली शुद्धता येथे आगीला निमंत्रण ठरेल.

उलट काही कामे अशी आहेत की ती जितकी चांगली आपल्याकडे होतात तितकी अन्यत्र होत असतील की नाही, शंका आहे. तारेच्या चाकाचे आरे ताणून ते सरळ करणे हे सायकल दुरुस्त करणाऱ्याचे कसब आहे. माप वाढविले एवढेच. मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारात किंवा मुंबईत कुर्ला-कालिन्याच्या रस्त्यावर हातोडी आणि ठोकळा घेऊन पत्र्याला गोलाई आणणारे कारागीर अजून भेटतात. त्यांच्या कामाला डेंटिंग म्हणतात, आणि ते शब्दाने वाटते त्यापेक्षा पुष्कळ मोठे आहे. घरच्या घरी गाडी उभी करणारा मनुष्य एकट्याने सर्व करतो अशी समजूत असते. वस्तुतः तो सुतार, लोहार, कातारी, शिंपी आणि रंगारी या पाच जणांच्या वेळा जुळविणारा कारभारी असतो, आणि त्यांपैकी एक जण नेहमी गावाला गेलेला असतो.

चंडीगढमध्ये हे काम चालावे याला एक निराळाच अर्थ आहे. या शहराने टाकाऊ वस्तूंचे दोन धडे घेतले आहेत. पहिला नेकचंद यांनी दिला. रस्ते-खात्यातील या निरीक्षकाने, नव्या शहरासाठी उठविलेल्या खेड्यांच्या मोडतोडीतून फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगड गोळा करून जंगलात गुपचूप एक नगरी रचली. ते बेकायदा बांधकाम पाडण्याऐवजी १९७६ साली सर्वांना खुले करण्यात आले. दुसरा धडा महागात पडला. झान्नरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी आणि वेताच्या खुर्च्या कालांतराने मोडक्या म्हणून लिलावात कवडीमोलाने गेल्या. मग त्या पॅरिस आणि लंडनच्या लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा कचेऱ्यांना जाग आली. २०११ साली केंद्र सरकारने अशा वस्तूंच्या विक्रीला मनाई केली. परदेशात पोहोचलेल्या अनेक खुर्च्यांना नवे वेत आणि नवे पॉलिश चढलेले असते. ती तीच खुर्ची राहते काय, यावर जाणकारांत एकमत नाही.

शहराच्या बाबतीतही रेषा आखली गेली. २०१६ साली कॅपिटॉल संकुल जागतिक वारसा ठरले. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे १ ते ३० या सेक्टरांतील घरांचे तुकडे करून सदनिका पाडण्यास प्रतिबंध केला. मूळ रचना जपावी हा त्यामागचा हेतू. दक्षिण मार्गाच्या अलीकडे मूळ आणि पलीकडे नंतरचे, असा भेद त्यामुळे झाला. सेक्टर ३४ पलीकडचा.

मोटारीसाठीही कायद्याने अशीच एक रेषा २०२१च्या जुलैमध्ये आखली. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळू लागली. राज्याच्या अक्षरांपुढे 'व्ही ए' ही अक्षरे असलेला क्रमांक, नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क, असे ते नियम आहेत. ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. अट एकच, पण कठीण. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

इंग्लंडमध्ये ही अट रास्त आहे. आपल्याकडे ती त्या बंद दाराच्या काळाचा विचार करीत नाही. समजा, १९५८ सालची एम. जी. ए. १९७० साली इंजिन फुटून पडली, आणि कोण्या मिस्त्र्याने तिच्यात अँबॅसेडरचे इंजिन घालून तिला आणखी तीस वर्षे चालविले. ते केले नसते तर ती भंगारात गेली असती. केले म्हणून ती आज नोंदणीच्या टेबलापर्यंत आली, आणि तेथे तिच्या मूळपणावर बोट ठेवले जाऊ शकते. असे इंजिन काढून परदेशातून एम. जी.चे मागवावे, की तेच दुरुस्त करून तिच्या हिंदुस्थानी आयुष्याचा पुरावा म्हणून ठेवावे? पहिल्या मार्गाला पैसा लागतो आणि दुसऱ्याला अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचे धैर्य. कलेच्या क्षेत्रातील जीर्णोद्धारकांनी हा वाद फार पूर्वी केला आहे. नंतरच्या काळाने मूर्तीवर चढविलेले थर खरवडून टाकावेत की तेही इतिहासच मानावेत, यावर त्यांच्यातही दोन तट आहेत. गाडीच्या बाबतीत दुसरा तट अधिक न्याय्य वाटतो. मात्र ते इंजिन कोठून आले, केव्हा आले, कोणत्या गॅरेजात बसविले, हे लिहून ठेवलेले असले पाहिजे, आणि नेमके तेच बहुधा लिहिलेले नसते.

म्हणून 'बी' मालिकेचे इंजिन अंगणात उतरवून घेतले की, रंग आणि तेलाची पुटे खरवडताना पहिला शोध घेतला जातो तो ब्लॉकच्या कडेला रिव्हेटने ठोकलेल्या लहानशा धातूच्या पट्टीचा. तिच्यावर इंजिनाचा क्रमांक असतो. पट्टी जागेवर असली, तर ते इंजिन इंग्लंडातून आले की उत्तरपाड्याहून, हे पाच मिनिटांत कळते. नसली तर दोन रिव्हेटची भोके तेवढी दिसतात.